मशिदीतला संस्कृत लेख



शाळाप्रवेशाचे दिवस आले की आपल्याकडे दरवर्षी एकच वाद ऐकू येतो. उर्दू शाळेत घातले तर मुलगा पुढे मराठीत अडतो. मराठी शाळेत घातले तर घरची जबान जाते. फैजपूर-यावल परिसरात तर घरात एक बोली, शेजारी लेवा गणबोली, बाजारात अहिराणी, तडवी बांधवांचे बोलणे आणखी निराळे, आणि मुलाच्या हातातील पुस्तकाची भाषा या सर्वांहून वेगळी. अडचण खरी आहे. ती मी रोज वर्गात पाहतो. परंतु या वादात भाषेला हळूच धर्म चिकटविला जातो, मराठी ‘त्यांची’ आणि उर्दू ‘आपली’. ही वाटणी आपल्या खानदेशच्या इतिहासाला मान्य आहे काय, ते पाहू.

इ. स. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा यास थाळनेरची जहागीर दिली आणि तेथून फारुकी घराण्याचा उदय झाला. थाळनेर म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यातील तापीकाठचे गाव. मलिक राजाच्या मुलाने, नसीरखानाने, सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसविले. आज ते शहर मध्य प्रदेशात असले तरी त्या काळी ते खानदेशची राजधानी होते.

तेथील जामा मशीद याच घराण्यातील राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने बांधली. आत अरबी शिलालेख आहे, त्यात नवल नाही. नवल हे की त्याच मशिदीत देवनागरी अक्षरांत एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला नमस्कार करून लेख सुरू होतो. पुढे मलिक राजापासून फारुकी राजांची वंशावळ येते, आणि शेवटी मुबारकशाहाच्या मुलाने ही मशीद आपल्या धर्माच्या पालनासाठी बांधली असे सांगितले आहे. मशिदीला शब्द वापरला आहे ‘मसीति’. अरबी लेखाचे वर्ष हिजरी ९९७. संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष महिना, एवढेच नव्हे तर तिथी आणि नक्षत्रसुद्धा दिले आहे. इंग्रजी गणनेने तो इ. स. १५९० चा जानेवारी येतो.

तिथी-नक्षत्र लिहायचे म्हणजे पंचांग जाणणारा पंडित हवा. तो मशिदीच्या कामावर आला आणि सुलतानाने त्याला बोलाविले, यात दोघांपैकी कोणाचाही धर्म बुडाला नाही! माझ्या मते हा केवळ शोभेचा लेख नव्हे. ही इमारत कोणी आणि कशासाठी बांधली, हे अरबी न जाणणाऱ्या प्रजेलाही कळावे, ही त्यामागील दृष्टी दिसते.

तो काळ सुवर्णयुग होता असे मी म्हणणार नाही. लढाया चालूच होत्या. राजा अली खान स्वतः १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने दक्षिणेत लढताना पडला. चारच वर्षांनी अकबराने असीरगड घेऊन त्याचे राज्य संपविले आणि त्याच मशिदीत आपला फारसी लेख कोरविला. संस्कृत लेख मात्र कोणी खरवडला नाही. एका मशिदीत तीन भाषा आजही नांदत आहेत.

पुढे याच बुऱ्हाणपुरात खानखानान अब्दुर्रहीम अनेक वर्षे राहिला. हिंदीच्या पुस्तकातील दोहे लिहिणारा रहीम तो हाच. बाबराचे तुर्की आत्मचरित्र त्याने १५८९ मध्ये फारसीत आणले. संस्कृतही तो जाणत होता. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी योजनाही त्याच्याच काळातील. विद्या इराणची, खोदणारे हात इथलेच असणार. एकमेकांचे बोलणे समजल्यावाचून अशी कामे होत नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. त्यासाठी खेडोपाडी हिंडणाऱ्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेतले हे शिक्षक १९३० साली सत्याग्रहात शिरले आणि त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पोहोचले. तेथे दक्षिणेचे कैदी भोवती बोलत आणि गुरुजींना ते कळत नसे. म्हणून ते तमिळ शिकले आणि ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही त्यांचेच. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली, १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात ती ठेवली आणि निधीसाठी स्वतः हिंडले. आपल्या संस्थेसाठी दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या मंडळींना त्या हिंडण्याचे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

तेव्हा पालकांनो, उर्दू घरात जरूर वाचा आणि मुलाला मराठीचे धडे मोठ्याने वाचायला लावा. दोन्ही एकाच संध्याकाळी होऊ शकते. सुटीत जमल्यास रावेरमार्गे बुऱ्हाणपूर गाठा. मशिदीत नमाज झाल्यावर मुलाला त्या लेखासमोर उभे करा. मराठी शिकलेल्या मुलाला त्यातली बरीच अक्षरे लागतील. ‘मसीति’ कुठे आहे ते त्यालाच शोधू द्या.