फजची कुळकथा

दिवाळीच्या फराळाचे ताट म्हणजे जुन्या नात्यागोत्याचा मेळावा. अनारसे, चिरोटे, कडबोळी, चकल्या ही सारी घरची मंडळी. त्यांचे कूळ आणि मूळ विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही. पण अलीकडे याच ताटात, बेसनाच्या लाडवाला खेटून, एक सावळा चौकोनी पाहुणा बसलेला दिसतो. मुंबई-पुण्याच्या माणसाची त्याच्याशी ओळख झाली ती बहुधा लोणावळ्याच्या बाजारात. चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत कूपर यांच्या दुकानाने चॉकलेट आणि अक्रोडाच्या या वडीचे नाव घाटाखाली आणि घाटावर सारखेच लोकप्रिय केले. या पाहुण्याला फज म्हणतात. आता तो घरोघरी होऊ लागला आहे आणि सुंदर खोक्यात बसून भेट म्हणूनही जाऊ लागला आहे. तेव्हा तो कोणत्या घरचा, याची थोडी चौकशी करणे अप्रस्तुत होणार नाही.

चॉकलेटचे घराणे फार जुने. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील माया आणि अझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून त्यांचे कडू, फेसाळ पेय करीत. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात युरोपात नेले, त्यात साखर घातली. पण पुढची तीनशे वर्षे चॉकलेट ही प्यायचीच वस्तू राहिली. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हूटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतील स्निग्धांश वेगळा काढता येऊ लागला, आणि १८४७ साली इंग्लंडातील ब्रिस्टल गावी फ्राय यांच्या कारखान्याने तोच स्निग्धांश कोकोच्या भुकटीत आणि साखरेत मिसळून खाण्याजोगी वडी तयार केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत साखर स्वस्त होत गेली आणि स्वयंपाकात वापरायच्या कडू चॉकलेटच्या वड्या वाण्याकडे मिळू लागल्या. सामग्री जमली होती. आता कुणीतरी पातेले चुलीवर ठेवायचे तेवढे बाकी होते.

ते कुणी ठेवले? राजेरजवाड्यांच्या आचाऱ्याने नव्हे, की नामांकित हलवायानेही नव्हे. फजला प्रसिद्धी मिळवून दिली ती महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींनी. आणि तीही अशा काळात, जेव्हा मुलींनी महाविद्यालयात शिकावे की नाही, याचाच वाद चालू होता.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी पोकीप्सी नावाचे गाव आहे. तेथे मॅथ्यू व्हॅसर या बिअर गाळणाऱ्या धनिकाने १८६१ साली मुलींच्या महाविद्यालयाची स्थापना केली. १८६५ साली त्याचे वर्ग सुरू झाले. मुलांना मिळते त्याच तोलाचे शिक्षण मुलींना द्यावे, हा त्याचा संकल्प. धूमकेतू शोधून जगभर कीर्ती मिळवलेल्या मारिया मिचेल यांना त्याने खगोलशास्त्र शिकवायला बोलावले. बाई मुलींना रात्री उघड्या आकाशाखाली वेधशाळेत नेत आणि दुर्बिणीतून ग्रहतारे दाखवीत. तरुण मुलींनी अशा अवेळी बाहेर असावे हे त्या काळच्या सोवळ्या मंडळींना रुचणारे नव्हते, पण बाईंनी त्याची पर्वा केली नाही.

विरोधकही काही लहानसहान नव्हते. १८७३ साली बोस्टनचे एक प्रतिष्ठित डॉक्टर, एडवर्ड क्लार्क, यांनी पुस्तक लिहून प्रतिपादन केले की मुलांच्या बरोबरीने डोके शिणवल्यास मुलींच्या शरीराची हानी होते आणि त्या मातृपदाला अपात्र होतात. गंमत अशी की, त्याच १८७३ साली व्हॅसरच्याच एका पदवीधर मुलीने, एलन स्वॅलो हिने, बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाची रसायनशास्त्रातील पदवी घेतली. ती पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढे रिचर्ड्स या नावाने तिने १८८२ साली रांधण्याच्या आणि स्वच्छतेच्या रसायनशास्त्रावर गृहिणींसाठी पुस्तक लिहिले. डॉक्टरसाहेबांना याहून नेमके उत्तर कुणी दिले असेल असे वाटत नाही.

अशा या व्हॅसरमध्ये १८८८ साली एमेलिन हार्ट्रिज नावाची विद्यार्थिनी होती. तिने पुढे १९२१ साली लिहिलेले एक पत्र महाविद्यालयाने जपून ठेवले आहे. त्यात ती सांगते की, तिच्या शाळेतील एका मैत्रिणीची चुलत की मामेबहीण बाल्टिमोर येथे फज करीत असे. १८८६ साली तेथे तो ४० सेंटला एक पौंड या भावाने विकला जाई. एमेलिनने कृती मिळवली, आणि १८८८ साली व्हॅसरच्या वरच्या वर्गातील मुलींनी भरवलेल्या लिलावासाठी तब्बल ३० पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो फज केला. फजच्या इतिहासातील सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी हा एक. ज्या बाल्टिमोरच्या बहिणीने तो मुळात केला, तिचे नाव मात्र त्या पत्रात नाही.

एकदा चव कळल्यावर मग काय विचारता! मुली खोल्याखोल्यांतून फज करू लागल्या. रात्री ठरल्या वेळी दिवे मालवण्याचा नियम असे. नियम झाला की पळवाट आलीच. गॅसच्या दिव्यावर किंवा स्पिरिटच्या लहानशा चुलीवर भांडे धरायचे, दोघींनी आळीपाळीने ढवळायचे आणि एकीने दाराशी कानोसा घ्यायचा! भट्टी नको, साचे नकोत, तासन् तास राबणे नको. दिवा, भांडे आणि चमचा एवढ्या संसारावर जो पदार्थ होतो, तोच वसतिगृहात जन्म घेऊ शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तो किती उपयोगी पडत असेल, हे विद्यार्थीदशेतून गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

‘फज’ या शब्दाचा इंग्रजीतील जुना अर्थही मोठा मासलेवाईक आहे. थाप, थोतांड, किंवा कसेबसे जुळवून मारलेली वेळ, असा तो शब्द. कुणाचा तरी कॅरमेलचा घाट फसला आणि त्यातून हा पदार्थ निघाला, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काहीही असो, चांगला फज थापा मारून होत नाही. त्याचे शास्त्र आपल्याकडील वडी थापणाऱ्या आजीबाईंना पुरते ठाऊक असते.

व्हॅसरच्या नावाने पुढे छापली गेलेली कृती पाहा: दोन पेले साखर, एक पेला साय, थोडे कडू चॉकलेट आणि एक चमचा लोणी. सारे उकळायचे आणि बशीत थेंब घेऊन घोटून पाहायचे. घट्ट होऊ लागले की उतरवून निवेपर्यंत घोटायचे, लोणी लावलेल्या थाळीत ओतायचे आणि चक्क शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे पाडायचे! आपण ज्याला गोळीबंद पाक म्हणतो, तोच येथे लागतो. थंड पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी वळते. उष्णतामापकाच्या भाषेत ११२ ते ११५ अंश सेल्सियस. याहून कमी आटला तर वडी पडत नाही, जास्त आटला तर दगड होतो. आजचे जाणकार असेही सांगतात की पाक उतरवल्यावर तो सुमारे ४५ अंशांपर्यंत निवेतो त्याला हातही लावू नये. गरम असतानाच ढवळला तर साखरेचे मोठाले कण धरतात आणि फज दाताखाली कचकचतो. निवल्यावर भरभर घोटला तर एकाच वेळी अगणित सूक्ष्म कण तयार होतात आणि जिभेला तो लोण्यासारखा लागतो. वरची चकाकी मावळली की समजावे, घोटणे पुरे झाले. गोव्यात नाताळाला चण्याची डाळ आणि नारळ आटवून ‘दोस’ करतात. त्या कढईपाशी उभे राहिलेल्यांना हा सारा क्रम ओळखीचा वाटेल.

व्हॅसरच्या पाठोपाठ मॅसॅच्युसेट्समधील वेल्स्ली आणि स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयांतही फज शिरला. १९०९ साली वॉल्टर बेकर या चॉकलेटच्या कंपनीने पाककृतींची जी पुस्तिका काढली, तीत तिन्ही महाविद्यालयांच्या नावाचे तीन निराळे फज आहेत: व्हॅसरचा साधा, स्मिथचा तांबूस साखर आणि काकवी घातलेला, वेल्स्लीचा मार्शमॅलो नावाची मऊ फुगीर मिठाई मिसळलेला. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ प्रसिद्ध झाले. बायकांच्या तोंडी आणि हाती असलेली विद्या छापील अक्षरात उतरण्याचा तो काळ दोन्हीकडे एकाच सुमारास आला होता.

याच वर्षांत अमेरिकेत आपल्याही दोन मुली होत्या, हे मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. रमाबाई मग १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. गावोगाव व्याख्याने देऊन आणि १८८७ साली इंग्रजीतून पुस्तक लिहून त्यांनी आपल्या देशातील विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, आणि त्याच साली अमेरिकेतील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात तेथील स्त्रियांच्या शिक्षणाचीही त्यांनी आस्थेने माहिती दिली. रमाबाईंच्या कार्याची थोरवी फजच्या वडीशी जोडण्याचा येथे हेतू नाही. पण एमेलिनने पातेले चढवले, त्याच वर्षी, त्याच देशात एक मराठी बाई मुलींच्या शाळेसाठी फिरत होती, ही गोष्ट त्या पातेल्याभोवतीचा काळ कसा होता हे सांगून जाते.

पुढे फज दुकानात गेला. मिशिगनमधील मॅकिनॉ बेटावर मर्डिक कुटुंबाने १८८७ साली मिठाईचे दुकान घातले. तेथे प्रवाशांच्या डोळ्यांदेखत संगमरवरी फरशीवर फज ओतून घोटण्याची प्रथा पडली. आजही ते बेट फजसाठी प्रसिद्ध आहे. घरात मात्र गृहिणीला पाकाची धास्ती वाटेच. ती घालवली डब्यांनी. गेल बोर्डेन याने १८५६ साली आटवलेल्या दुधाचे पेटंट घेतले होते. १९१७ च्या सुमारास मार्शमॅलोचा मलम्यासारखा फेस बाटलीतून मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून १९४७ पर्यंत, अमेरिकेत साखरेवर नियंत्रण होते. ते सुटल्यावर गोडाची हौस दुणावली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने १९५० नंतरच्या दशकात जो फज गाजला, तो याच मार्शमॅलोच्या फेसाचा. त्यात घोटण्याचे कष्ट नाहीत आणि कण धरण्याची भीती नाही.

आपल्याकडे आज घरोघर होतो तो आटवलेल्या दुधाचा फज. गोड आटवलेल्या दुधाचा ४०० ग्रॅमचा डबा, ३५० ग्रॅम गडद चॉकलेटचा चुरा, ३० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर ठेवावे. उकळी येऊ देऊ नये. चॉकलेट विरघळून मिश्रण एकजीव झाले की लगेच उतरवावे. मूठभर भाजलेले अक्रोड मिसळून, लोण्याचा हात लावलेल्या २० सेंटीमीटरच्या चौकोनी थाळीत थापावे आणि तीनचार तास थंड जागी ठेवावे. सहा ओळी सहा रकाने पाडले की ३६ वड्या होतात. चार घरी नऊ नऊ. येथे पाक नाही, कारण साखर दुधात आधीच मुरलेली असते. वडी धरते ती चॉकलेटमधील स्निग्धांश थिजल्यामुळे. म्हणूनच दुधाळ चॉकलेट घेतले तर ती मऊ राहते. आश्विनातील उकाडा लक्षात घेऊन ती शीतकपाटात ठेवावी. आठवडाभर खुशाल टिकते.

कुणी म्हणेल, इतके सोपे झाल्यावर त्यात भेट ती कसली? दुकानातून खोका आणला तरी तेच की! पण फजच्या कुळाकडे पाहिले तर सोपेपणा हा त्याचा दोष नाही, ते त्याचे जन्मलक्षण आहे. ज्यांच्यापाशी स्वतःचे स्वयंपाकघर नव्हते आणि हाती फारसा पैसाही नव्हता, अशा मुलींना जमावा म्हणून तर तो रुजला. तो पसरला तोही जाहिरातीने नव्हे. एकीने दुसरीला वडी दिली आणि वडीबरोबर कृतीही दिली, म्हणून. ही दुसरी देणगी आपण अनेकदा विसरतो. यंदा शेजारी फजचा खोका धाडाल, तेव्हा आत एका चिठोऱ्यावर कृती लिहून ठेवा, आणि तिच्याखाली ती तुम्हाला जिने शिकवली तिचे नाव घाला. बाल्टिमोरच्या त्या बाईचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. आपल्या ओळखीच्या बायकांच्या बाबतीत ती चूक टाळणे आपल्या हातात आहे.