डिझेलने आणलेला रॉकर

पुलगावच्या दारूगोळा भांडाराकडे निघालेला लष्करी ट्रक असो की कापसाच्या गाठी भरलेला टाटा, जुन्या धाटणीच्या इंजिनाचे टॅपेट कव्हर उघडले की रॉकरांची रांग दिसते. मधून शाफ्ट गेलेला, एका टोकाखाली पुश रॉड, दुसऱ्याखाली व्हॉल्व्ह. निरखून पाहिले तर व्हॉल्व्हकडचा हात लांब असतो. या दोन हातांचे प्रमाण म्हणजे रॉकर रेशो. तो १.५ असेल, तर कॅमच्या ६ मिमी उचलीचे व्हॉल्व्हवर ९ मिमी होतात. त्यातून टॅपेटची फट वजा. फिलर गेज लावताना मिस्त्री इतकी काळजी घेतो ती याचसाठी.

सगळ्या ट्रकांत पूर्वी हा भाग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याकडे आलेल्या कॅनडाच्या फोर्ड ट्रकांचे व्ही-८ इंजिन साइड व्हॉल्व्हचे होते. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कुशीला, कॅम त्यांच्याच खाली, उचल एकास एक. त्याच घडणीच्या शेव्हरोलेत मात्र रॉकर होते. ब्यूइकने १९०४ मध्ये मोटारीत धरलेली ही वाट. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, म्हणजे रॉकर आपल्याकडे अनोळखी नव्हता.

पण तो अटळ केला डिझेलने. नुसत्या दाबाच्या उष्णतेवर तेल पेटवायचे, तर हवा सोळा-सतरा पट तरी दाबावी लागते. साइड व्हॉल्व्हला बाजूला जो कप्पा ठेवावा लागतो, त्यात हा दाब जमतच नाही. म्हणून व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, कॅम खालीच राहिला आणि दोघांना जोडायला रॉकर आला. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या डॉज-फार्गो ट्रकांत हा बदल उघड दिसतो: पेट्रोल इंजिन साइड व्हॉल्व्हचे, पर्किन्सचे पी-६ डिझेल रॉकरवाले. १९५४ पासूनचे टाटा-मर्सिडीज आणि १९५९ पासूनचा जबलपूरचा शक्तिमान हेही त्याच वाटेचे.

मग रेशो १.६ केला तर? ९ मिमीचे ९.६ होतील. वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनात त्याने जोर वाढतो. ट्रकच्या डिझेलात ताकद ठरते ती मुख्यतः पंप किती तेल देतो त्यावर. हवेचे काम टर्बो करतो. जास्त उचलीने धूर थोडा कमी होईल, पण पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह आणि त्याच्यात अंतर अगदी थोडे उरते. शिवाय व्हॉल्व्हवर स्प्रिंगचा ४० किलो भार असेल, तर पुश रॉडवर ६० ऐवजी ६४ किलो येतो, आणि झीज कॅमची होते. ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी हा सौदा मला तोट्याचाच वाटतो.

रॉकरला सर्वांत मोठा मान दिला कमिन्सने. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. कमिन्सच्या एन मालिकेच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला तिसरा रॉकर असे, तो इंजेक्टर दाबून तेल आत सोडी. पुढे कॉमन रेल आली आणि ते काम त्याच्याकडून गेले.