तांब्याची कल्हई : द्रव्यांचा लाभ आणि त्यांचे मोल

कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव कर्ली नदीच्या काठी, लक्ष्मीनारायणाच्या देवालयासाठी प्रसिद्ध आहे. या टापूतील आहारात कोकमाला (मालवणीत भिरंड) मानाचे स्थान आहे. कोकमातील आम्लाने भांड्यांवरील डाग निघतात. पण तेच आम्ल तांब्यापितळेच्या भांड्यात राहिले, तर तांबे अन्नात उतरते. त्या अन्नास ‘कळकणे’ हा नेमका शब्द मराठीत आहे. कल्हईची गरज यातूनच उत्पन्न झाली.

कल्हईत दोन द्रव्ये प्रमुख : कथील व नवसागर. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, कथील २३२ अंशांनाच. म्हणून तापविलेल्या भांड्यावर कथील सहज पसरते. मात्र तांब्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असेल, तर ते धरत नाही. नवसागर उष्णतेने फुटून अमोनिया व हायड्रोक्लोरिक आम्ल होते. हे आम्ल पापुद्रा नाहीसा करते. नवसागराचा परिचय भारतात जुना आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात ‘साधारण रसां’मध्ये त्याची गणना असून विटांच्या भट्टीतून तो मिळतो, असे सांगितले आहे.

लाभाच्या बाजूस अन्नाची निर्धोकता व भांड्याचे दीर्घायुष्य येते. खर्चाच्या बाजूस कथील, कोळसा आणि थर झिजताच पुनःपुन्हा करावी लागणारी कल्हई. कथील बहुतांशी मलायाकडून येई व महाग पडे. त्यामुळे त्यात स्वस्त शिसे मिसळण्याचा मोह होई. तसे झाले, की तांब्यापासून वाचविणारा थरच अधिक घातक विष अन्नात सोडी. दिसण्यात मात्र दोन्ही कल्हया सारख्याच चकचकीत. फसवणूक गृहिणीस ओळखता येत नसे.

आणखी एक खर्च कोणाच्याही हिशेबात आला नाही. नवसागराचा पांढरा धूर भात्याजवळ बसलेल्या कल्हईवाल्याच्या छातीत जाई. मजुरी ठरे ती भांड्यांच्या संख्येवर व आकारावर.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलने कल्हईस मागे सारले. आम्लास दाद न देणाऱ्या या भांड्यास कथील नको आणि नवसागरही नको. तात्पर्य, कल्हई निरुपयोगी ठरली म्हणून मागे पडली नाही. तिचा वारंवार येणारा खर्च नव्या धातूने एकदाच घेतलेल्या किमतीत मिटविला. त्या किमतीबरोबर कल्हईवाल्याचा धूर गेला, तशी त्याची उपजीविकाही गेली.