अठरा केंद्रे आणि एक गोळी

१/८
औषध होते, तेही विनामूल्य मिळू शकत होते. तरीही २००० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत दरवर्षी अंदाजे ७०,००० बालकांना आईकडून एचआयव्हीची बाधा होत होती. हा प्रश्न अखेर न्यायालयात कसा गेला, त्याची ही हकिगत.

२/८
आईला एचआयव्ही असला म्हणजे बाळाला तो होतोच, असे नाही. गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा पुढे अंगावरच्या दुधातून विषाणू बाळापर्यंत पोहोचू शकतो. उपचार न मिळाल्यास हे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते.

३/८
१९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील चाचणीने पहिली आशा दाखवली. गर्भारपणात आणि प्रसूतीच्या वेळी आईला, नंतर सहा आठवडे बाळाला झिडोवुडिन दिल्यावर बाधेचे प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आले. मात्र हा उपचार खर्चिक होता.

४/८
१९९९ मध्ये युगांडातील चाचणीने सोपा मार्ग दाखवला: कळा सुरू होताच आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा. झिडोवुडिनच्या अल्पकालीन उपचाराच्या तुलनेत बाधा जवळपास निम्म्यावर आली.

५/८
२००० मध्ये उत्पादक कंपनीने विकसनशील देशांना पाच वर्षे हे औषध मोफत देऊ केले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने मात्र ते प्रत्येक प्रांतात दोन, अशा १८ केंद्रांपुरतेच ठेवले. औषधाची सुरक्षितता, विषाणूची वाढती प्रतिकारक्षमता आणि अपुऱ्या सोयी ही कारणे सांगितली गेली. एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, अशी शंका खुद्द राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी जाहीरपणे घेत होते.

६/८
ऐपत असलेल्या स्त्रीला खासगी डॉक्टरकडून औषध मिळे. केंद्रापासून दूर राहणारी गरीब गर्भवती वंचित राही. ऑगस्ट २००१ मध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही संघटना प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबरमध्ये जिंकली. सरकारने अपील केले.

७/८
५ जुलै २००२ रोजी संविधान न्यायालयाने एकमताने निकाल दिला: हे निर्बंध आरोग्यसेवेच्या घटनात्मक हक्काशी विसंगत आहेत; ते विनाविलंब उठवावेत.

८/८
पुढे अधिक प्रभावी औषधे आली. आज वेळेवर निदान आणि नियमित उपचार झाल्यास बाधेचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली राहते. परंतु उपाय सापडणे आणि तो गरजवंताच्या हाती पडणे यांतले अंतर प्रयोगशाळेला कापता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत ते नागरिकांना न्यायालयात जाऊन कापावे लागले.