कालियाचे तुटके दुवे

मराठवाड्यावर निजामाची अमलदारी असताना आणि पुढेही पुष्कळ वर्षे, जत्रेतल्या तंबूत पट्टी तुटली की यंत्रचालक फाटक्या चौकटी कात्रीने छाटून दोन टोके चिकटवी, आणि पुढच्या मुक्कामी तो चित्रपट तेवढाच आखूड होऊन जाई; या बिनदप्तरी संपादनाचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चे (१९१९) भाग्य याहून बरे. १९६४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी विस्कळीत तुकड्यांचा क्रम फाळक्यांच्याच टिपणांच्या आधारे लावला, म्हणूनच बालकृष्ण झालेली मंदाकिनी फाळके नागाशी झुंजते तो चमत्कार आज सलग पाहता येतो. चित्र पौराणिक खरे. पण युक्तिछायाचित्रणाच्या नात्याने ते मेलिएसच्या १९०२ च्या चंद्रयात्रेचे गोत्रज होय.

‘मेट्रोपोलिस’ या परदेशी मूकपटाचे (१९२७) गहाळ भाग २००८ साली ब्युनोस आयर्सला सापडले, तेव्हा जुन्या पट्टीवरचे ओरखडे किती पुसावेत हा रसिकांचा जुना तंटा पुन्हा उद्भवला. गतीचाही प्रश्न आहेच: मूकपट हाताने यंत्र फिरवून, सेकंदाला सुमारे १६ चौकटींनी टिपत. ‘कालिया मर्दन’ २४ च्या गतीने दाखवला तर कृष्ण उगाच धावत सुटतो. गती अवश्य सुधारावी, ओरखडे मात्र बेताने पुसावेत, असा माझा कौल. नव्या संगीतालाही माझी हरकत नाही. मूकपटांना पेटी-तबल्याची साथ त्या काळीही असेच.