बलक शिल्पी आणि सामी सुतार

लेणी म्हटली की आपली सहल थेट अजिंठा-वेरूळला निघते. पण पनवेलहून चौकमार्गे कर्जत गाठावे, पुढे कोंडिवड्याच्या वाटेला लागावे, की राजमाचीच्या पायथ्याला रानात कोंडाणे लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, एका भंगलेल्या मूर्तीजवळ, ब्राह्मी लिपीत कोरले आहे की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे!

त्याचे सामान काय? डोंगराचा काळा कातळ, लोखंडी छिन्नी-हातोडा आणि सह्याद्रीच्या रानात होतो तो साग. हो, लेण्यात लाकूडसुद्धा होते. छत अखंड खडकाचे, त्याला आधार नको. तरी खाली लाकडी कमानी बसवल्या. कारण त्याआधीचे चैत्य लाकडाचे असत. हात सुताराचा, तोच दगडात उतरला. कोंडाण्याचे खांब आत कललेले आहेत तेही त्यामुळेच. लाकडी मांडवाचे खांब असेच तिरपे रोवत.

कोंडाण्यात या कमानींचे थोडे तुकडेच राहिले. पण घाट चढून कार्ल्याला जा. 124 फूट लांबीच्या त्या चैत्यगृहात सागाच्या मूळ कमानी अजून जागेवर आहेत, स्तूपावरची लाकडी छत्रीही आहे. सागात तेल असते, वाळवी त्याला सहसा लागत नाही. पावसाला अडवायला वर सगळा डोंगर. आपल्या घराचे वासे किती वर्षे टिकतात हो?

कार्ल्याच्या एका लेखात धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे काम केल्याची नोंद आहे. त्याच्या नावापुढे धंदाही लिहिला आहे : वढकि, म्हणजे सुतार. तळा तालुक्यातील कुडा लेण्यात माळ्याचे दान आहे. जुन्नरच्या लेखात तर वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवली आहे. ज्या बुरूडकामाला पुढे हलके ठरवून माणसे दूर लोटली, त्याच कामाच्या लोकांवर त्या काळी पैशाचा विश्वास होता. हे मुलांना मुद्दाम सांगावे.

आणि मुलांना नेलेत तर हातातला खिळा काढून घ्या. अशा जुन्या खांबांवर बदाम आणि नावे कोरणारे कमी नाहीत. बलकाचा लेख शोधायला मात्र वेळ लागतो; डाव्या बाजूला, मान वर करून पाहावे लागते.