‘द टेम्पेस्ट’मधील जादू आणि पहिल्या जेम्सचा काळ

शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’ हे नाटक आपल्या महाविद्यालयांतून बहुधा नाटककाराने रंगभूमीचा घेतलेला निरोप म्हणून शिकविले जाते. प्रॉस्पेरो आपली काठी मोडण्याचे व ग्रंथ समुद्रात बुडविण्याचे जाहीर करतो, तेव्हा खुद्द शेक्सपिअरच लेखणी खाली ठेवतो, अशी ही मांडणी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. वस्तुतः यानंतरही त्याने जॉन फ्लेचरच्या सहकार्याने ‘हेन्री द एट्थ’सारखे नाटक लिहिले. प्रस्तुत लेखात या त्यागाचा विचार चरित्राऐवजी तत्कालीन कायदा व राजसत्ता यांच्या संदर्भात केला आहे.

इ.स. १६११ च्या १ नोव्हेंबर रोजी हे नाटक व्हाइटहॉल येथे राजा पहिला जेम्स याच्यासमोर झाल्याची नोंद आहे. हा प्रेक्षक साधा नव्हता. इ.स. १५९० मध्ये राणी ॲनसह डेन्मार्कहून स्कॉटलंडला परतताना त्याचे जहाज वादळात सापडले होते, आणि ते वादळ चेटकिणींनी उठविले अशी त्याची खात्री पटली होती. नॉर्थ बेरिकच्या खटल्यांतील आरोपी ॲग्नेस सॅम्पसन हिची चौकशी त्याने जातीने केली. तिचा छळ झाला, तिने कबुली दिली आणि जानेवारी १५९१ मध्ये तिला देहान्त शासन झाले. अशा राजापुढे पडदा उघडतो तो मंत्रबळाने उठविलेल्या वादळाने, आणि बुडत्या जहाजावरही एक राजाच आहे! नाटककाराचे हे धाडस आपण वर्गात क्वचितच लक्षात घेतो.

कायद्याची बाजू अधिक गंभीर होती. एलिझाबेथच्या इ.स. १५६३ च्या कायद्यात जादूने कोणाचा जीव घेतल्यास मृत्युदंड होता. केवळ इजा केल्यास पहिल्या अपराधाला कैद पुरे होई. जेम्सच्या कारकिर्दीतील इ.स. १६०४ च्या कायद्याने दुष्ट आत्म्यांना कोणत्याही हेतूने आवाहन करणे, त्यांना कामाला लावणे हाच देहान्ताचा गुन्हा ठरविला. म्हणून जहाजावरील कोणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही, हे प्रॉस्पेरोने मिरांडाला दिलेले आश्वासन पुरेसे ठरत नाही. एरियल हा दुष्ट आत्मा नव्हे, हे नाटकाला दाखवावेच लागते.

जेम्सने स्वतः ‘डिमनॉलजी’ (१५९७) या संवादरूप ग्रंथात विद्वान मांत्रिक आणि चेटकीण असा भेद केला होता. चेटकीण सूडापोटी वा लोभापोटी सैतानाची दासी होते, तर मांत्रिकाला जिज्ञासा ओढून नेते. तो सैतानाला हुकूम सोडतो असे भासते, परंतु त्याचा आत्मा हाती लागावा म्हणून सैतानच आज्ञाधारकपणाचे सोंग घेतो. मराठीतही ‘मंत्रविद्या’ आणि ‘चेटूक’ हे शब्द एका पारड्यात बसत नाहीत. शिकविताना मात्र आपण सरसकट ‘जादू’ म्हणतो आणि नाटकातील मुख्य पेच तेथेच हरवतो. (या नाटकाचे मराठी भाषांतर इ.स. १८७५ मध्ये करणारे नीलकंठ जनार्दन कीर्तने हे इतिहासाचे अभ्यासक होते, हे येथे नमूद करावेसे वाटते.)

हा भेद नाटक अखेरपर्यंत टिकवीत नाही. पाचव्या अंकातील प्रॉस्पेरोचे त्यागाचे भाषण ओव्हिडच्या काव्यातील मीडिया या मांत्रिक स्त्रीच्या उद्गारांवर बेतलेले आहे. त्यात तो थडग्यांतून मृतांना उठविल्याचा दावा करतो. नाटकात असे काहीच घडलेले नसते. ज्या क्षणी त्याची विद्या चेटकाच्या भाषेत बोलू लागते, त्याच क्षणी तो ती सोडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा योगायोग नव्हे. मिलानच्या गादीवर परतू पाहणाऱ्या सत्ताधाऱ्याला ही विद्या बरोबर नेता येणार नव्हती. राजाने अनेक विद्यांची ओळख ठेवावी, पण कोणत्याही एकीत पारंगत होऊ नये, असा उपदेश जेम्सने ‘बॅसिलिकॉन डोरॉन’मध्ये आपल्या पुत्राला केला होता, प्रॉस्पेरोने तर ग्रंथांपायीच राज्य गमावले होते.

उरते ती सिकोरॅक्स. अल्जिअर्सची ही चेटकीण हद्दपार होऊन, गरोदर अवस्थेत या बेटावर आली. प्रॉस्पेरोही हद्दपार होऊन तान्ह्या मुलीसह आला. गर्भवतीची फाशी प्रसूतीपर्यंत तहकूब ठेवण्याची इंग्लंडमधील न्यायालयांची प्रथा प्रेक्षकांना परिचित होती. सिकोरॅक्स रंगमंचावर येत नाही. तिचे अपराध आपणास कळतात ते प्रॉस्पेरोच्या तोंडून, आणि त्याने तरी ते एरियलकडून ऐकलेले असतात. ॲग्नेस सॅम्पसनची कबुलीही आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती तिला प्रश्न विचारणाऱ्यांच्याच पक्षाच्या लेखणीतून.